तिघांचं काम एकट्याला

बहुतेक वाद्यांच्या जन्माला एखादी गोड दंतकथा चिकटलेली असते. पखवाजाचे दोन तुकडे झाले तरी तो बोलला, ‘तब भी बोला’, म्हणून त्याचा तबला झाला, ही गोष्ट निम्मे तबलजी पहिल्या धड्याच्या आधीच सांगून टाकतात. बासरी म्हटली की यमुनेचा काठ आला, वीणा म्हटली की सरस्वती आणि तिचा मोर आला. पण ऑर्केस्ट्रात मागच्या बाजूला, भांड्यांच्या दुकानात कुलूप लागल्यावर आत राहून गेलेल्या गिऱ्हाइकासारखा जो इसम बसलेला असतो, त्याच्यापुढच्या त्या पसाऱ्याची जन्मकथा शोधायला जावे, तर तिथे ना देव ना गंधर्व. तिथे उभा आहे एक नाटकगृहाचा मालक, आणि त्याच्या हातात आहे पगाराचे रजिस्टर.

त्याचे असे झाले. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्यांचे ढोल आणि झांजा वाजत त्या मुख्यतः लष्करी बँडात आणि मिरवणुकीत. वाद्य अंगावर वागवत चालायचे, म्हणून एकाकडे मोठा ढोल, दुसऱ्याकडे कडकड वाजणारा स्नेअर ड्रम आणि तिसऱ्याकडे झांजा, अशी कामाची सरळ वाटणी असे. कुणी कुणाच्या झांजेला हात लावत नसे. पुढे अमेरिकेत हे बँड रस्ता सोडून नृत्यगृहांत आणि नाटकगृहांत जाऊन बसले. बसल्यावर चालण्याचा प्रश्न मिटला, आणि मालकाच्या मनात जगातल्या यच्चयावत साहेबांच्या मनात येतो तोच विचार आला, “हे तिघे कशाला?”

मग ढोल जमिनीवर टेकला, त्याच्यावर झांज अडकली, शेजारी स्नेअर आला आणि एकाच माणसाच्या हातात काठ्या देऊन त्याला सांगण्यात आले, की बाबा, तूच इथे एक हाण आणि लगबगीने तिथे दोन हाण. त्या धावपळीचे नाव ‘डबल ड्रमिंग’. शाळेत एकाच मास्तरने चौथी आणि पाचवी एका खोलीत बसवून शिकवावी, तसला हा प्रकार. १८९०च्या दशकात न्यू ऑर्लिन्स शहरातल्या डी डी चँडलर नावाच्या वादकाने घरीच लाकडाचे पेडल बनवले आणि ढोल पायाने वाजवायला सुरुवात केली, असे सांगतात. त्याचे हात मोकळे झाले. त्याबरोबर दुसरी दोन माणसेही मोकळी झाली, कायमची. त्यांचे पुढे काय झाले, हे ड्रमच्या इतिहासात कुठे सापडत नाही. इतिहास पेडलचा लिहितात, पेडलखाली आलेल्यांचा लिहीत नाहीत.

पुढचा अंक शिकागोचा. तिथल्या नाटकगृहात विल्यम लडविग नावाचा वादक होता. त्या वेळी रॅगटाइमची चाल इतकी धावरी झाली, की जुनी पेडले मागे पडू लागली. त्याचा मेहुणा रॉबर्ट डॅनली यंत्रातला जाणकार. दोघांनी मिळून धातूचे चपळ पेडल तयार केले आणि १९०९ साली लडविग आणि त्याचा भाऊ यांनी कंपनी काढली. मेहुण्याच्या मदतीने आणि भावाच्या भागीदारीत सुरू झालेला धंदा चांगला चालला, ही एकच गोष्ट मराठी माणसाने या इतिहासातून उचलली तरी पुष्कळ झाले.

त्या काळी सिनेमा मुका होता, त्यामुळे ड्रमवाल्याला बोलावे लागे. त्याच्यापुढे एक टेबल असे आणि त्याच्यावर शिट्ट्या, घंटा, ठोकळे, नारळाच्या करवंट्या, बदकाचा आवाज काढणारी पिपाणी असा संसार मांडलेला असे. पडद्यावर घोडा दौडला की करवंट्या, गाडी सुटली की शिट्टी, मूल रडले की रडणारी पिपाणी. या पसाऱ्याला ‘ट्रॅप्स’ म्हणत. ‘खटाटोपी यंत्र’ अशा अर्थाच्या एका इंग्रजी शब्दाचा तो तुकडा असावा असे मानतात. मला ही व्युत्पत्ती खरी वाटते, कारण हा सगळा खटाटोपच होता. बिचारा तिघांचे काम करत होता, त्यात आता बदकही सांभाळायचे!

ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि पडदा स्वतःच बोलू लागला. थोड्याच वर्षांत नाटकगृहांतल्या वादकांना घरी बसावे लागले. ज्या पेडलने दोघांना घालवले, ते पेडल दाबणारालाही आता कुणी विचारीना. हा न्याय पुराणात शोभण्यासारखा आहे, पण ज्याच्या घरी चूल पेटायची असते त्याला पुराणातला न्याय चालत नाही.

तरी एक पाय अजून रिकामा होता, आणि मालकाला रिकामा पाय बघवत नाही. १९२०च्या दशकात डाव्या पायासाठी दोन छोट्या झांजांचा एक सापळा निघाला. आधी तो घोट्याएवढ्या उंचीवर असे. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आले, की दांडी उंच केली तर या झांजा हातानेही वाजतील. झाला हाय-हॅट. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावची वॉलबर्ग अँड ऑज ही कंपनी तो बनवण्यात पुढे होती. आता दोन हात आणि दोन पाय, चारही कामाला लागले. माणसाला शेपूट असते, तर तिलाही काहीतरी बांधले असते.

झांजांची मात्र कथा खानदानी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये अवेदिस नावाचा आर्मेनियन किमयागार सोने बनवण्याच्या खटपटीत होता. सोने काही झाले नाही. तांबे आणि कथील यांचा एक मिश्रधातू मात्र असा जमला, की त्याची झांज न फुटता खणखणीत वाजे. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील, एवढे सगळ्यांना ठाऊक. खुबी ते मिसळण्यात. सुलतान खूष झाला. अवेदिसला ‘झिल्जियन’ हे आडनाव मिळाले. तुर्की भाषेत ‘झिल’ म्हणजे झांज, तेव्हा आपल्याकडे सरळ ‘झांजकर’ म्हटले असते. १६२३ साली निघालेला हा कारखाना १९२९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, आणि धातू मिसळण्याचे गुपित घराण्यातच एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिले. तीनशे-साडेतीनशे वर्षे सुखाने चाललेल्या घरात व्हायचे तेच अखेर झाले. वडील वारले, दोन भावांत कोर्टकचेरी झाली, आणि १९८१ साली धाकट्याने कॅनडात आपल्या तीन मुलांच्या नावांची अक्षरे जुळवून ‘सॅबियन’ नावाचा वेगळा कारखाना मांडला. आज जगातले हौशी ड्रमर झिल्जियन बरी की सॅबियन बरी यावर रात्र-रात्र वाद घालतात. वाद झांजांचा वाटतो, मुळात तो भाऊबंदकीचा आहे.

एवढे झाले तरी ड्रमवाला मागेच बसलेला होता. त्याला पुढे आणला जीन क्रूपाने. बेनी गुडमनच्या बँडातला हा देखणा गडी केस उडवत, घाम गाळत असा वाजवी, की लोक नाचायचे थांबून त्याच्याकडे बघत राहत. १९३८च्या जानेवारीत हा बँड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला. मोठमोठ्या उस्तादांच्या त्या सभागृहात मागच्या बाकावरचा हा मुलगा मॉनिटर होऊन गेला. टॉम-टॉम ड्रमला खालून-वरून दोन्हीकडून सुरात लावण्याची सोय त्याच्याच आग्रहाने आली असे म्हणतात. त्याआधी चिनी धाटणीच्या टॉम-टॉमला कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे. सुरात लावायचे तर शेकायचे, नाहीतर देवावर हवाला ठेवायचा.

कातडे हे ड्रमचे खरे दुखणे. ज्याने श्रावणात तबला लावला आहे त्याला ते समजावून सांगायला नको. हवा दमट झाली की कातडे सैल, कोरडी झाली की ताठ. मुंबईच्या पावसात तबलजी हातोडी घेऊन गट्ट्यांशी झटत असतो, आणि गवई तानपुऱ्याआडून घड्याळ बघत असतो. तिकडचे ड्रमर मोठ्या ढोलाच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवत. ढोलाच्या दर्शनी कातड्यावर तलाव, डोंगर, चांदणे अशी चित्रे रंगवलेली असत. दिवा लागला की देखावा उजळे आणि कातडे सुके. एका दिव्यात शोभा आणि शेक दोन्ही साधायचे, हे मला फार घरगुती वाटते. १९५६-५७च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी वेगवेगळ्या वाटेने कातड्याच्या जागी प्लॅस्टिकचा पातळ पडदा आणला, आणि वासरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जुन्या जाणत्यांनी अर्थातच “पूर्वीचा गोडवा गेला” असे म्हटले. ते प्रत्येक शोधानंतर म्हणायचेच असते.

आता हातांकडे वळू. जुने ड्रमर डाव्या हातातली काठी अंगठ्याच्या बेचक्यात, चिनी माणसाने चॉपस्टिक धरावी तशी धरतात. कुणाला ती मोठी नजाकत वाटते. खरे कारण असे, की लष्करात ड्रम गळ्यातल्या पट्ट्याने डाव्या मांडीवर तिरका लोंबत असे आणि चालताना दुसरी पकड जमतच नसे. ड्रम जमिनीवर सरळ बसल्यावर हे कारण संपले, पण पकड तशीच राहिली. सरकारी कचेरीत असे बरेच काही असते. १९३३ साली शिकागोत तेरा ड्रमर जमले आणि त्यांनी सव्वीस मूळ बोल ठरवून दिले. ‘फ्लॅम’, ‘पॅराडिडल’, ‘रॅटामॅक्यू’. नावे ऐकली की ‘तिरकिट’ आणि ‘धिरधिर’ यांची सातासमुद्रापलीकडची मावसभावंडे वाटतात. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. वाचायला सोपे आहे. करून पाहा, तिसऱ्या फेरीला आपला डावा हात नेमका कोणता याविषयी मनात शंका येऊ लागते.

१९६४च्या ९ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी टेलिव्हिजनवर बीटल्स पाहिले. मागे उंच चौथऱ्यावर रिंगो स्टार, आणि ढोलाच्या तोंडावर बीटल्सच्या वर ‘लडविग’ हे नाव. लडविगच्या कारखान्यात दिवसरात्र पाळ्या सुरू झाल्या. रिंगोने तो सेट निवडला तो लाकूड ठोकून किंवा नाद पारखून नव्हे, त्याच्यावरच्या काळ्या शिंपल्यासारख्या झळाळीवर तो भाळला म्हणून, असे सांगतात. वर तो दोन्ही हातांत काठ्या सारख्याच धरी, त्यामुळे लाखो पोरांनी ती जुनी लष्करी पकड सोडून दिली. आणखी एक गंमत. रिंगो जन्माने डावखुरा. त्याच्या आजीला ते अशुभ वाटे, म्हणून तिने त्याला उजव्या हाताची सवय लावली. मोठेपणी तो उजव्या हाताच्या ड्रमसेटवर बसे, पण धावत्या जागी डावा हात आधी उचले, आणि त्यामुळे त्याच्या वाजवण्याला एक अडखळती, गोड चाल येई. तिची नक्कल करायला जगभरच्या हौशी ड्रमरांनी आयुष्ये वेचली. बाजारात सगळे काही मिळते, रिंगोची आजी मिळत नाही.

हौशी ड्रमर ही जमात त्या रविवारपासून वाढली. अमेरिकेत त्यांना तळघर आणि गॅरेज होते. आपल्याकडे ब्लॉक आहे आणि खाली माणसे आहेत. या ठिकाणी ‘खाली माणसे’ म्हणजे मी. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरी लावतात, यांनी ड्रमसेट लावला. सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीच्या आधी त्यांचे नाव आले. त्यांनी खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज काही भिंतीत अडत नाही, हे मला खालून सर्वांत आधी कळले. मग त्यांनी रबरी तबकडीवर आणि शेवटी चक्क उशीवर सराव सुरू केला. उशी काठी परत फेकत नाही, मनगटाला स्वतःच ती उचलावी लागते, म्हणून मनगट तयार होते, असे त्यांनी मला जिन्यात समजावले. “पण खऱ्या ड्रमवर उलटं हो,” ते म्हणाले, “तिथं काठी आपण उडवायची नाही. ती पडते आणि तिची तीच उडते, आपण फक्त आड यायचं नाही. नवशिका काठी घट्ट धरतो तिथंच घात होतो. मी चाळीस वर्षं कॅश मोजली, माझी मूठ सुटता सुटत नाही!”

त्यांच्याकडे आजही दर महिन्याला काहीतरी नवे येते. कधी जाड पडदा, कधी पातळ. कधी अक्रोडाच्या टोकाची काठी, कधी नायलॉनच्या. “यानं तो आवाज येईल,” असे ते म्हणतात. ‘तो आवाज’ म्हणजे कोणता, हे प्रत्येक हौशी ड्रमरला मनातून ठाऊक असते आणि कुणालाच सांगता येत नाही. मोठ्यांनी तो कसा काढला, हे पाहिले तर हसू येते. १९६६ साली बीटल्सच्या ध्वनिमुद्रकाने, जेफ एमेरिकने, रिंगोच्या ढोलाच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला. पुढे रिंगो ड्रमवर स्वयंपाकघरातली फडकी पसरू लागला, आणि तो मऊ, दबका ठोका जगभर गाजला. लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमचा १९७१चा तो डोंगर कोसळल्यासारखा ठोका हॅम्पशायरमधल्या एका जुन्या घराच्या प्रवेशदालनात निघाला. ड्रम खाली आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगलेले. घर मुळात बांधले होते निराधारांसाठी. फडके, स्वेटर आणि जिना! मी ही माहिती वरच्यांना मोठ्या उत्साहाने दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती आमच्याकडे येऊन विचारू लागल्या, “आमचं ओट्यावरचं फडकं तुमच्याकडे वाळत पडलंय का हो?”

१९८० साली रॉजर लिन याने खऱ्या ड्रमचे आवाज पोटात साठवलेले यंत्र विकायला काढले. ते कधी लय चुकत नाही, चहा मागत नाही आणि रात्रीची शेवटची गाडी पकडायची म्हणून घाई करत नाही. किंमत होती पाच हजार डॉलरच्या घरात, तरी मालकाने पुन्हा रजिस्टर काढले. पूर्वी तिघांचा एक केला होता, आता एकाचा शून्य झाला. मुंबईतही हेच घडले. कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केरसी व बर्जोर यांच्यासारख्या पारशी वादकांनी आणि गोव्याहून आलेल्या कितीतरी ख्रिस्ती वादकांनी हिंदी सिनेमाचा ठेका उभा केला. त्यांची नावे तबकडीवर छापली जात नसत, पण गाणे लागले की पाय त्यांच्याच हुकमाने हले. १९९०च्या दशकात पन्नास-साठ वादकांच्या त्या बैठका मोडल्या आणि कामे यंत्राकडे गेली. या वेळीही घरी बसलेल्यांची यादी कुणी केली नाही.

आणि तरीसुद्धा ड्रम वाजायचा थांबलेला नाही. शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तर मालकाच्या त्या जुन्या पेडललाच रजा दिली. ते जमिनीवर गुडघा टेकून, तबला जवळ घेऊन, झांजा बादलीभर पाण्यात बुडवत असे काही वाजवतात, की हे वाद्य शिकागोत बनले की गिरगावात, हा प्रश्नच उरत नाही. ती झाली थोरांची गोष्ट. पण हा पसारा आज जगभर टिकून आहे तो वरच्या मजल्यावरच्या माणसांमुळे. त्यांना यंत्र हटवू शकत नाही, कारण त्यांना कुणी कामावर ठेवलेलेच नाही.

वरच्या गृहस्थांना बाविसाव्या वर्षी एका ऑर्केस्ट्रात बोलावणे आले होते. “ड्रम बडवून पोट भरतं का?” असे विचारून वडिलांनी त्यांना बँकेत चिकटवले. वडिलांचे चुकले असे इतिहास वाचून मला म्हणवत नाही. पोट भरत नव्हतेच. ज्यांनी भरून पाहिले, त्यांना पेडलने, बोलपटाने आणि यंत्राने एकामागून एक उठवले. मी एकदा त्यांना विचारले, की आता एवढे तिघांचे काम एकट्याने, तेही बिनपगारी, कशासाठी? त्यांनी थोडा विचार केला. “तिघांचं कुठलं?” ते म्हणाले, “चार हात-पाय चार दिशांना जातात, आणि एखाद्या दिवशी एकदम चौघंही एका समेवर येतात बघा. बँकेत चाळीस वर्षांत चार माणसं कधी एका समेवर आलेली मी पाहिली नाहीत.”

सोसायटीने त्यांना संध्याकाळी पाच ते सहा अशी वेळ ठरवून दिली आहे. त्यांची डावी काठी अजून कच्ची आहे, हे मी खालून खात्रीने सांगू शकतो. पण हल्ली पावणेसहाच्या सुमाराला कधीकधी एक सम अशी नेमकी पडते, की आमच्या फडताळातल्या कपबशाही दाद देतात.